फॉर्म उघडतात, पण भरत नाहीत: नेमकं कुठे अडतं ते शोधताना

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "लिंक सगळ्यांना पाठवली, उघडलीही बऱ्याच जणांनी, पण भरून आलेले फॉर्म अगदी मोजके. लोकांना कंटाळा आहे हो. तुम्ही तो जरा आकर्षक करून द्या." मग रंग बदलतात, वर एक चित्र येतं, 'फक्त दोन मिनिटं!' अशी पाटी लागते, आठवणीचे दोन मेसेज जातात. आकडा थोडा हलतो. चार-सहा महिन्यांनी तोच फॉर्म, तीच तक्रार.

मी फॉर्म बनवते, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्त करते. कंटाळा आला म्हणून फॉर्म सोडला असं मला क्वचितच दिसलंय. माणूस एका ठरावीक रकान्यापाशी अडतो आणि तिथून निघून जातो. बदल्यात काय मिळणार हे ठाऊक असेल आणि प्रश्न कशासाठी विचारलाय ते कळत असेल, तर लांबलचक अर्जही लोक निमूट भरतात. आणि चार प्रश्नांचा फॉर्म तिसऱ्यावर टाकून जातात. त्यामुळे फॉर्म केवढा आहे हे नंतर बघू. आधी अडण्याची जागा सापडायला हवी.

जागा कशी शोधायची

फॉर्म स्वतःच्या वेबसाइटवर असेल तर काम सोपं आहे. माणूस कोणत्या रकान्यात शिरला आणि कोणत्या रकान्यातून शेवटचा बाहेर पडला, एवढीच नोंद ठेवायची. आठवड्याभरात चित्र दिसायला लागतं. रकान्यात काय टाइप केलं ते मात्र नोंदवायचं नाही. सबमिट न केलेली माहिती आपली नसते. २०२२ मध्ये युरोपातल्या तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी जगातल्या सर्वाधिक लोकप्रिय एक लाख वेबसाइट तपासल्या. युरोपातून उघडल्यावर त्यातल्या १,८४४ ठिकाणी ईमेल सबमिट होण्याआधीच ट्रॅकिंग कंपन्यांकडे जात होता. ईमेल टाकून विचार बदललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जाहिरात आली, तर पुढचा प्रत्येक फॉर्म तो संशयानेच उघडणार. तुमचाही.

गूगल फॉर्ममध्ये अशी नोंद मिळत नाही. सबमिट झालेली उत्तरं तेवढी दिसतात, अर्ध्यावरून परतलेल्यांचा मागमूस राहत नाही. मग जुना उपाय करायचा. तीन जणांना फॉर्म भरायला बसवायचं आणि आपण शेजारी बसायचं. फोन त्यांचा आणि माहितीही त्यांची खरीखुरी. (भरून झाल्यावर ती नोंद त्यांच्यासमोरच पुसून टाका.) "काहीही भरा हो, टेस्टिंगच आहे" असं म्हटलंत की प्रयोग फुकट गेला. खोटं नाव आणि खोटा नंबर टाकताना कोणीच अडत नाही. अडतात ते खरा कागद शोधताना आणि खरा नंबर देऊ की नको या विचारात.

शेजारी बसल्यावर गप्प राहणं सगळ्यांत अवघड. "अहो तिथे नाही, खाली, खाली" हे ओठांवर येतंच. गिळायचं. अंगठा कुठे थांबला, कोणता प्रश्न दोनदा वाचला, कुठे फॉर्म सोडून मेसेज किंवा फोटोंमध्ये काही शोधायला गेले आणि कुठे मान वर करून तुमच्याकडे बघितलं, हे कागदावर टिपत जा. तिघांपैकी दोघे एकाच ठिकाणी थांबले की जागा सापडली. पुढचा उपाय त्या जागेवर अवलंबून आहे.

पहिला रकाना भरण्याआधीच गेले

इथे बहुतेकदा दोष लॉगिनचा असतो. गूगल फॉर्ममध्ये 'एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद' ही सोय चालू केली, किंवा फाइल अपलोड करायचा एखादा प्रश्न टाकला, की भरणाऱ्याला आधी गूगल खात्यात साइन इन करावं लागतं. फॉर्म बनवणारा दिवसभर लॉगिन केलेलाच असतो, त्याला ही भिंत कधी दिसतच नाही. लिंक पाठवण्याआधी ती एकदा इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे आपलं लॉगिन लागू नसलेल्या ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

जॅरेड स्पूल या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा अनुभव लिहिला होता. खरेदी पूर्ण करण्याआधी तिथे लॉगिन किंवा नोंदणी असा छोटासा फॉर्म होता, दोन रकाने आणि दोन बटणं. 'नोंदणी करा' हे बटण काढून त्यांनी 'पुढे चला' ठेवलं आणि शेजारी एक ओळ लिहिली की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने. तो फॉर्म काही मोठा नव्हता, हे लक्षात घ्या.

दुसरं कारण किरकोळ वाटतं, पण नेहमी सापडतं. सोबत काय लागणार हे आधी सांगितलेलं नसतं. सातव्या प्रश्नावर एखादा प्रमाणपत्र क्रमांक मागायचा असेल तर ते वरच सांगा. 'मधे थांबलात तर पुन्हा तिथूनच सुरू करता येईल' असं लिहायचं असेल तर ते आधी तपासा. गूगल फॉर्म अर्धवट उत्तरं ३० दिवस जपून ठेवतो, पण साइन इन केलेल्यांचीच. आणि 'दोन मिनिटं' ही पाटी खोटी असेल तर ती काढा. तिसऱ्या मिनिटाला माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

मधल्याच एका प्रश्नावर थांबले

मधे थांबणाऱ्याच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते. प्रश्नच कळला नाही, उत्तर आत्ता हाताशी नाही, किंवा उत्तर द्यायचं नाही. बाहेरून तिन्ही सारखी दिसतात, औषध मात्र प्रत्येकाला वेगळं लागतं.

न कळलेल्या प्रश्नाचं गाजलेलं उदाहरण एक्सपीडिया या प्रवासाच्या वेबसाइटचं आहे, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पैसे भरायच्या पानावर नावाच्या जोडीला 'कंपनी' असा एक ऐच्छिक रकाना होता. कार्डाबद्दलच विचारताहेत असं समजून काही लोक तिथे बँकेचं नाव लिहीत, आणि मग ओघाने पत्ताही बँकेचाच देत. तो पत्ता कार्डाच्या नोंदीशी जुळत नसे आणि व्यवहार फसत असे. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला १.२ कोटी डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीने सांगितलं. ऐच्छिक प्रश्न निरुपद्रवी असतो असं समजणाऱ्यांना मी ही गोष्ट हमखास सांगते.

उत्तर हाताशी नसेल तर प्रश्न पुढे ढकला. तो क्रमांक आजच हवा आहे का? नोंदणी आज करून घेऊन क्रमांक नंतर मागितला तर चालेल का? बहुतेक वेळा चालतं, पण कोणी विचारलेलंच नसतं.

उत्तर द्यायचं नसतं ते मुख्यतः फोन नंबर, जन्मतारीख, उत्पन्न आणि घरचा पत्ता यांचं. यासाठी माझी एकच कसोटी आहे. रकान्याखाली एक खरं वाक्य लिहून बघायचं: 'कार्यक्रमाची वेळ बदलली तरच या नंबरवर फोन करू.' हे वाक्य लिहिता आलं तर लिहा, माणूस नंबर देतो. आणि लिहायला बसल्यावर 'आपल्याशी संपर्कात राहण्यासाठी' असलं गुळमुळीत काहीतरी सुचायला लागलं, तर तुम्हालाच ठाऊक नाही की नंबर कशाला हवाय. रकाना काढा. जन्मतारखेचंही तसंच. माणूस अठरा वर्षांवरचा आहे का एवढंच हवं असेल तर तेवढंच विचारा.

"पण आम्ही तो प्रश्न बंधनकारक केलाय, मग देतीलच की!" हो, देतात. नंबराच्या जागी नऊ-नऊ-नऊ, पत्त्याच्या जागी एक टिंब, जन्मतारखेच्या जागी ड्रॉपडाउनमधली पहिलीच तारीख. तुमच्या यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची गर्दी दिसली तर तो योगायोग समजू नका. बंधनकारक प्रश्नाच्या लाल फुलीमुळे रकाना भरला जातो, पण त्यातलं उत्तर खरं असेलच असं नाही.

'सबमिट' दाबलं, आणि मग गेले

ही जागा मला सगळ्यांत जास्त लागते. इथवर आलेल्या माणसाची भरायची तयारी होती, सगळं भरूनही झालं होतं, आणि आपणच त्याला परत पाठवलं.

एका संस्थेच्या अर्जाबद्दल तक्रार आली होती: "फोटो जोडले की सगळं पुसलं जातं." तक्रार मोजक्याच लोकांची होती आणि आमच्याकडे तसं एकदाही घडेना. संस्थेतल्या मंडळींनी 'नेट स्लो असेल' म्हणून तो विषय बाजूला ठेवला होता. अर्जात तीन फोटो जोडायचे होते, ओळखपत्राच्या दोन बाजू आणि स्वतःचा एक. आम्ही तपासायचो ते डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं पडलेल्या एका चिमुकल्या चित्राने. लोक जोडत होते फोनने नुकतेच काढलेले फोटो, एकेक तीन ते पाच एमबीचा. पीएचपीमध्ये (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि सगळ्या फॉर्मची मिळून ८ एमबी. एकच फाइल मोठी असेल तर फक्त त्या फाइलची एरर येते. पण एकूण वजन ८ एमबीच्या वर गेलं की पीएचपी सगळीच माहिती टाकून देतं आणि प्रोग्रॅमच्या हाती कोरा फॉर्म पडतो. प्रोग्रॅम बिचारा आज्ञाधारक. त्याने प्रत्येक रकान्याखाली लाल अक्षरांत लिहिलं: 'हा रकाना भरणे बंधनकारक आहे.' वीस रकाने भरून बसलेल्या माणसाला आम्ही सांगत होतो की तुम्ही काहीच भरलेलं नाही.

असं तुमच्याकडे घडत असेल तर आधी सर्व्हरचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, बघा. मर्यादा ओलांडल्याची सूचना तिथे स्पष्ट लिहिलेली असते. दोन्ही मर्यादा वाढवा, आणि एकूण मर्यादा सगळ्या फाइलींच्या बेरजेपेक्षा जास्त ठेवा. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स (आलेली माहिती आधी स्वीकारणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबीच असते, ती वाढवल्याशिवाय बाकीची धडपड व्यर्थ. आणि फाइल निवडताच ब्राउझरमध्येच तिचं वजन बघा, जमलं तर तिथेच फोटो लहान करा. सगळं भरून झाल्यावर 'फोटो मोठा आहे' हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

दुसरा रोग नावांचा. मराठीत नाव लिहू देणाऱ्या एका फॉर्मवर काही जणांना 'नावात फक्त अक्षरे लिहा' अशी एरर येत होती, आणि त्यांनी तर अक्षरंच लिहिली होती. गंमत अशी की शरद, कमल, अभय यांचे फॉर्म जात होते, आशा आणि ज्योत्स्ना यांचे अडत होते. कारण युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत) हिशेबात श, र, द ही 'अक्षरं', पण काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण ही 'चिन्हं', त्यांचा वर्ग वेगळा. 'फक्त अक्षरं चालतील' असा नियम लिहिला की 'आशा'मधल्या शेवटच्या कान्यावर फॉर्म अडतो. नियमात चिन्हांचा वर्गही घ्यावा लागतो. ज्याने चाचणी केली होती त्याने नाव टाकलं होतं शरद!

तीच ज्योत्स्ना लांबीच्या मर्यादेतही मार खाते. आपल्या डोळ्यांना ती दोन जोडाक्षरं दिसतात, ज्यो आणि त्स्ना. ब्राउझर मोजतो दहा: ज, पाय मोडका, य, ओकार, त, पाय मोडका, स, पाय मोडका, न, काना. डेटाबेसमध्ये लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत या नावाला तीस बाइट लागतात. 'नावाला वीस पुरे' असं ठरवलेलं असेल तर आडनावापर्यंत पोचायच्या आत मर्यादा संपते. अंकांचंही तेच. मराठी कीबोर्डवरून कोणी १२३ टाइप केलं तर जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमच्या भाषेची अंक ओळखण्याची नेहमीची खूण त्यांना अंक मानत नाही. ते अंक मुकाट्याने बदलून घेणं हे प्रोग्रॅमचं काम आहे, त्यासाठी माणसाला शिकवायला जाऊ नये. नंबरमधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघाही तशाच काढून टाकायच्या. ईमेलच्या शेवटी फोनचा कीबोर्ड गुपचूप एक स्पेस टाकतो, आणि समोर बरोबर दिसणारा पत्ता 'चुकीचा' ठरतो. तीही स्पेस आपणच काढायची.

आता एररच्या भाषेबद्दल. 'अवैध माहिती' हा शब्दप्रयोग मी जिथे दिसेल तिथे खोडते. काय चुकलं आणि काय करायचं ते सांगा: 'ही तारीख अजून यायची आहे, जन्मतारीख आजच्या आधीची हवी.' चूक ज्या रकान्यात आहे त्याच्या शेजारी ती दाखवा, आणि फॉर्म लांब असेल तर वरही. बाकीचं भरलेलं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. पहिलं अक्षर टाइप करताच रकाना लाल करायची घाई नको. माणूस त्या रकान्यातून बाहेर पडल्यावर बोला. आणि सगळं बरोबर भरेपर्यंत 'सबमिट' करडं करून ठेवायची जी पद्धत आहे, ती मला मुळीच पटत नाही. दाबता न येणारं बटण कुठे काय राहिलंय ते सांगत नाही. दाबू द्या, मग सांगा.

फोनवरच अडतात, संगणकावर नाही

हे पटकन आवरता येण्यासारखं आहे. आयफोनवर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर टिचकी मारताच पान झूम होतं आणि अर्धा फॉर्म पडद्याबाहेर जातो. अक्षरं मोठी करा. क्रमांकाच्या रकान्याला अंकांचा कीबोर्ड यावा म्हणून रकान्याच्या कोडमध्ये 'इनपुटमोड' ही सूचना लावा. त्यासाठी रकान्याचा प्रकारच 'नंबर' करू नका, काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं तरी आत लिहिलेला आकडा बदलतो. नाव, ईमेल, पत्ता आणि ओटीपीच्या रकान्यांना तशाच 'ऑटोकम्प्लीट' या सूचनेचे योग्य शब्द दिले की फोन स्वतःच माहिती पुढे करतो. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नका. टाइप करायला लागलं की ते गायब होतं आणि इथे काय लिहायचं होतं हेच विसरायला होतं. ते वर लिहा. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडून महिन्यामागून महिने मागे जायला लावण्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने बरे. पासवर्ड आणि ओटीपीत पेस्ट करणं बंद ठेवू नका. एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नका. ही शेवटची गोष्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या निकषांतही आहे, त्यामुळे साहेबांना पटवायला ती कामी येते.

दुरुस्त केला, तरी सहा महिन्यांनी तेच

वरचं सगळं केलं की फॉर्म सुधारतो. मग तो हळूहळू पुन्हा बिघडतो, कारण बिघाड रकान्यांच्या संख्येत असतो आणि रकाने बैठकीत जन्माला येतात. कोणीतरी म्हणतं, "विचारतोच आहोत तर हेही विचारून घेऊ." नको म्हणायला कोणाकडे कारण नसतं. वाढवणारे पाच आणि काढणारा कोणीच नाही.

एकदा एका फॉर्मवर 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा प्रश्न बंधनकारक होता, बारा पर्यायांसह. हे उत्तर कोण बघतं म्हणून मी विचारत गेले. प्रसिद्धीवाल्यांनी कार्यालयाकडे बोट दाखवलं, कार्यालयाने प्रसिद्धीकडे. शेवटी उत्तरांची शीट रोज हाताळणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी शीट उघडली तर तो कॉलम दिसेचना. "तो होय? मधे मधे येतो म्हणून मी हाइड करून ठेवलाय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून कोणताही फॉर्म हातात आला की मी आधी उत्तरांची शीट मागते आणि लपवलेले कॉलम मोजते.

फॉर्मच्या अभ्यासक कॅरोलाइन जॅरेट यांची एक पद्धत आहे, 'क्वेश्चन प्रोटोकॉल' नावाची. प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं की उत्तर कोण वापरतं, कशासाठी वापरतं, उत्तर सक्तीचं आहे का, आणि खोटं उत्तर आलं तर काय बिघडतं. मी त्यात दोन चौकटी वाढवल्या आहेत, प्रश्न मागणाऱ्याचं नाव आणि पुन्हा तपासायची तारीख. त्या तारखेला कोणी त्या प्रश्नाची बाजू मांडली नाही तर प्रश्न फॉर्मवरून उतरतो. त्यासाठी वेगळी बैठक घ्यायची नाही, नाहीतर तिथून दोन नवे प्रश्न घेऊन बाहेर पडाल.

आता कोणी "एवढा एक रकाना वाढवून द्या ना" म्हणालं तर मी वाद घालत नाही. सहा चौकटींचा तो तक्ता मेलने पाठवते आणि भरून पाठवा म्हणते. बरेचसे तक्ते अजून यायचे आहेत.